जेल नंतर बघू, आधी ते मेसेज थांबवा

रविवारी सकाळी साडेसातला मैत्रिणीचा फोन आला आणि ती काही बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवून तिने एक स्क्रीनशॉट पाठवला. तिच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, एरवी तिथे टँकर कधी येणार आणि लिफ्ट का बंद आहे एवढंच असतं, त्या ग्रुपवर तिच्या घटस्फोट झालेल्या नवऱ्याने (फ्लॅट अजून दोघांच्या नावावर, म्हणून तो ग्रुपमध्ये होता) रात्री पावणेबाराला भलामोठा मेसेज टाकला होता. हिने माझ्या आईचे दागिने परस्पर विकले, हिचं ऑफिसमधल्या एकाशी चालू आहे, पोरगी रात्री घरात एकटी असते. तिन्ही गोष्टी खोट्या. दागिन्यांची तर यादी कोर्टात जमा आहे, परत मिळाल्याची त्याचीच सही आहे त्यावर. ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं. सकाळपर्यंत एकानेही एक शब्द लिहिला नव्हता, नऊ वाजता कुणीतरी टाकी सफाईचा मेसेज टाकला आणि तो मजकूर हळूहळू वर सरकला. दुपारपर्यंत तोच मजकूर तिच्या ऑफिसच्या एचआरला मेल झाला आणि मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवरही आला.

आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. ड्यूटीवरचे हवालदार वयस्कर होते, नीट बोलले, पाणी दिलं, सगळं वाचलं. म्हणाले, "ताई, ह्यात एफआयआर नाही बसत. एनसी घेतो तुमची. बाकी कोर्टात जावं लागेल." तासाभराने हातात एक कागद आला, त्यावर एनसीचा (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीचा) नंबर. मैत्रिणीने विचारलं, आता तुम्ही त्याला फोन करणार का, हे थांबवायला सांगणार का? ते म्हणाले, "समजावून सांगू शकतो ताई, बंधन नाही घालू शकत."

बंधन नाही घालू शकत. हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितेय. कारण तेव्हापासून मी बरेच वकील, दोन निवृत्त न्यायालयीन कर्मचारी आणि असं भोगलेले चार-पाच जण यांच्याशी बोलले, आणि माझं मत आता पक्कं झालंय की आपल्या कायद्यात अशा माणसाला दोन वर्षं जेलमध्ये पाठवायची सोय आहे (कागदावर), त्याच्याकडून लाखोंची भरपाई मागायची सोय आहे (तीही कागदावर), पण आज रात्री तोच मेसेज पुन्हा टाकू नकोस एवढं झटपट सांगणारं दार सर्वांसाठी उघडं नाही. आणि ज्याच्यावर हे गुदरलंय त्याला पहिल्या दिवशी तेवढंच हवं असतं.

हवालदार बरोबर होते, हे आधी सांगते, कारण लोक पोलिसांवर उगाच चिडतात. बदनामी हा गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलाय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही जोडलीय. पण गुन्हा अदखलपात्र. पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, अटक तर नाहीच. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करायची, शपथेवर जबाब द्यायचा, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २२३ मुळे कोर्टाने दखल घ्यायच्या आधीच समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे तत्त्वाने योग्यच आहे, पण याचा प्रत्यक्ष अर्थ काय तर नोटीस जायला वेळ, तो पत्त्यावर न सापडायला वेळ, त्याच्या वकिलाने तारीख मागायला वेळ, आणि या सगळ्या काळात त्याचा फोन त्याच्याच हातात.

बरेच जण म्हणतात, आयटी ॲक्टचं ६६ए लावा ना. ते कलम आता नाहीये. आणि ते गेलं त्याची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६६ए रद्द केलं. मला ते रद्द झालं याचा आनंदच आहे, कारण "त्रासदायक" वाटलं म्हणून कुणालाही उचलायची मुभा पोलिसांना असणं फार वाईट. मात्र ते गेल्यावर खासगी माणसांच्या या छळासाठी तिथे दुसरं काही नेमकं आलं नाही, जागा रिकामी राहिली.

अर्थात काही बाबतीत पोलिसांना हात आहेत आणि ते लोकांना माहीत नसतात, म्हणून सांगते. एक्सने (म्हणजे आधीच्या जोडीदाराने) तुमच्या नावाने खोटं प्रोफाइल उघडून त्यावरून लिहिलं, तर आयटी ॲक्टचं ६६सी आणि ६६डी लागू शकतं. खासगी फोटो टाकले तर ६६ई, अश्लील असतील तर ६७ आणि ६७ए. पैसे दे नाहीतर व्हायरल करतो असं म्हणाला तर ती खंडणी. बनावट चॅट किंवा बनावट कागद तयार करून तुमचं नाव खराब केलं तर ते बनावटीकरण. बाईचा सतत पाठलाग, सतत मेसेज, नको म्हटल्यावरही, तर न्याय संहितेचं कलम ७८. म्हणजे पोलीस स्टेशनला जाताना "त्याने माझी बदनामी केली" एवढं एकच वाक्य घेऊन गेलात तर एनसी मिळणार, पण त्याने नेमकं काय काय केलं हे तारखेवार सांगितलंत तर त्यात कधीकधी दखलपात्र गुन्हा निघतो. फक्त तुम्हालाच शिव्या पाठवल्या, तिसऱ्या कुणाला नाही, तर ती कायद्याने बदनामीच नाही, तिथे दुसरी कलमं बघावी लागतात. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवरून, शुद्ध मराठीत खोटं लिहिलं होतं. शिवीसुद्धा नव्हती एक.

मग दिवाणी दावा. इथे भरपाई मागता येते आणि मनाई हुकूमही मागता येतो, म्हणजे कोर्टच त्याला सांगतं की निकाल लागेपर्यंत असं काही लिहू-बोलू नकोस. ऐकायला हेच तर हवं होतं. पण भरपाई जेवढी मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी, वकिलाची फी वेगळी, आणि एक गोष्ट अशी की जी पन्नास जणांना विचारलं तर चाळीस जणांना माहीत नसते: बदनामीच्या दिवाणी दाव्याला मुदत फक्त एक वर्ष. मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ७५ आणि ७६, लेखी असो की तोंडी, एक वर्ष. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत, म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडे वेळ आहे, आणि तोपर्यंत दिवाणी रस्ता बंद झालेला असतो. पहिले सहा महिने तर माणूस सावरण्यातच घालवतो, नातेवाईक म्हणत असतात जाऊ दे, लक्ष नको देऊस, आपोआप थांबेल.

ज्यांचा घटस्फोटाचा वाद कौटुंबिक न्यायालयात आहे किंवा होता त्यांच्यासाठी अजून एक वाट आहे, कमी वापरली जाणारी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये वैवाहिक नात्यातून उद्भवलेल्या परिस्थितीबाबत मनाई हुकूम द्यायचा अधिकार त्या कोर्टाला आहे. आणि केस अजून चालू असेल तर खोटे आरोप करणाऱ्यालाच ते महागात पडू शकतात. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका जोडप्याच्या खटल्यात नवऱ्याने लेखी जबाबात बायकोच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप केले होते, नंतर दुरुस्ती करून ते मागेही घेतले, तरी सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही क्रूरताच, मागे घेतल्याने ती पुसली जात नाही. २०२१ मध्ये उलट बाजूची केस आली, एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने त्याच्या वरिष्ठांकडे तक्रारींवर तक्रारी केल्या, त्याच्या नोकरीवर परिणाम झाला, तिथेही सुप्रीम कोर्टाने ती मानसिक क्रूरता धरून घटस्फोट दिला. पण हे सगळं नातं तोडण्यापुरतं उपयोगी. ज्यांचं नातं आधीच तुटलंय त्यांना क्रूरता सिद्ध करून काय मिळणार?

इथे मला एक कळकळीने सांगायचंय. परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तर कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांना मान्य असलेल्या, कोर्टात दिलेल्या अटींत) पोटगी, फ्लॅट, मुलांची भेट हे सगळं लिहितात ना, त्यातच एक कलम घालून घ्या की दोघंही एकमेकांबद्दल नातेवाईकांत, कामाच्या ठिकाणी, सोशल मीडियावर काही आरोप करणार नाहीत, आणि हे कोर्टाला दिलेली हमी म्हणून लिहून घ्या. कोर्टाला दिलेली हमी मोडली की तो कोर्टाचा अवमान होतो, नुसता दोघांतला करार राहत नाही. मैत्रिणीच्या कागदांत कार कोणाची हे होतं, गॅस कनेक्शन कोणाच्या नावावर हे होतं, आणि हे नव्हतं. कुणाला सुचलंच नाही.

पुरावा हा तर स्वतंत्र डोकेदुखीचा विषय. मैत्रिणीने पहिल्या दिवशी स्क्रीनशॉट काढले आणि रागाने, किळसेने, मूळ मेसेज डिलीट करून ग्रुपमधून बाहेर पडली. कोणीही हेच करेल. वकीलबाईंनी बघितलं तर स्क्रीनशॉटमध्ये नंबरच नाही, कारण त्याचं नाव तिच्या फोनमध्ये अजून "अहो" म्हणून सेव्ह होतं. तारखेच्या जागी नुसतं "काल". शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी आपल्या फोनमधून पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून दिली आणि साक्ष द्यायलाही तयार झाल्या, त्या काकू नसत्या तर केस तिथेच संपली असती. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५बी म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये ठामपणे सांगितलं ते जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. तिथे प्रश्न आमदारकीचा होता, दोन्हीकडे मोठे वकील होते. तोच नियम आता दहा हजारांची वकील फी हप्त्याने देणाऱ्या बाईलाही लागू आहे. त्यामुळे मेसेज डिलीट करू नका, ग्रुप लगेच सोडू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करा, फोन बदलू नका, आणि ज्यांनी वाचलं त्यांच्यातला एक तरी माणूस आजच बोलून ठेवा, कारण महिन्याभराने लोकांना काही आठवत नाही, आठवलं तरी कोर्ट म्हटलं की विसरतात.

आता माझा मुद्दा. झटपट बंधन घालणारा कायदा आपल्याकडे अस्तित्वातच नाही असं नाहीये. आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघा. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसा मानलाय. अर्ज आल्यावर शक्यतो तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी, साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यातच लिहिलंय. कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट संरक्षण आदेश देतो, बाईशी कुठल्याही मार्गाने संपर्क करू नको, तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊ नको, अमुक करू नको. आणि तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. म्हणजे आधी थांब म्हणायचं आणि नाही थांबलास तर मग शिक्षा. अगदी हाच क्रम हवाय. आणि पूर्वी कधीतरी एका घरात एकत्र राहिले असतील तरी चालतं, त्यामुळे घटस्फोटितेलाही, लिव्ह-इनमधून बाहेर पडलेलीलाही तिथे जाता येतं. मैत्रिणीला शेवटी हाच रस्ता सापडला, पण चार महिन्यांनी, कारण आधी भेटलेल्या दोन वकिलांनी बदनामीचीच फौजदारी केस लावूया म्हणून आग्रह धरला. बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, हेही तिला चार महिन्यांनी कळलं.

पण या दारातून कोण आत जाऊ शकत नाही ते बघा. जी कधी त्याच्याबरोबर एका घरात राहिलीच नाही ती नाही. कॉलेजात दोन वर्षं बरोबर होते, ब्रेकअप झालं आणि आता तो पूर्ण गावात सांगत फिरतोय, तिचं स्थळ जमलं की मुलाकडच्यांना फोन करतोय, ती मुलगी नाही. आणि पुरुष नाहीत. माझा मावसभाऊ शिक्षक आहे, त्याच्या आधीच्या मैत्रिणीने त्याच्या संस्थेच्या प्रत्येक सहकाऱ्याला मेसेज केला की तो विद्यार्थिनींशी वाईट वागतो. संस्थेने चौकशी केली, एकाही विद्यार्थिनीची तक्रार नव्हती, तो निर्दोष ठरला. पण त्यानंतरचं वर्षभर तो वर्गाचं दार उघडं ठेवूनच शिकवायचा, पावसात, बाहेर मुलांचा गोंगाट असताना, आणि मुली शंका विचारायला आल्या की हा व्हरांड्यात उभा राहून बोलायचा. त्याला तिला जेलमध्ये घालायचं नव्हतंच कधी. त्याला फक्त पुढचा मेसेज नको होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्यांचं जवळचं नातं होतं, लग्न असो, लिव्ह-इन असो, साखरपुडा असो की नुसतं प्रेम, त्यातल्या कुणालाही, बाई असो की पुरुष असो की आणखी कुणी, मॅजिस्ट्रेटकडे जाऊन थोड्या मुदतीचा थांबवणारा आदेश मागता यावा. तीन दिवसांत तारीख, समोरच्याला बोलायची संधी, प्रथमदर्शनी कागद बघून नव्वद दिवसांपुरता आदेश, मोडला तर गुन्हा. खरंखोटं काय ते नंतर सावकाश ठरू दे.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप मला माहितीये आणि तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. असा आदेश सोपा झाला तर ज्या बाईवर खरंच अत्याचार झाला तिचंच तोंड बंद करायला तो वापरला जाईल. हे होऊ शकतं. बदनामीचा खटला बायकांना गप्प करायला वापरला गेलाय हे आपण माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर आणि त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रामानी यांच्या केसमध्ये बघितलं. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रामानींना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की बाईला तिची तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर, अनेक वर्षांनीसुद्धा, मांडायचा हक्क आहे. तो निकाल मला मनापासून पटतो. त्यामुळे आदेशाच्या बाहेर काय राहील हे कायद्यातच ठळकपणे लिहिलं पाहिजे: पोलीस, कोर्ट, महिला आयोग, ऑफिसची अंतर्गत समिती, डॉक्टर, समुपदेशक यांच्याकडे केलेली कुठलीही तक्रार, आणि सार्वजनिक पदावरच्या किंवा सत्तेतल्या माणसाबद्दल जाहीरपणे केलेला आरोप. आजच्या कायद्यातही अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीत धरत नाहीत, तो अपवाद आहेच. दोन सामान्य माणसांचं भांडण सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यात कुणाचं सार्वजनिक हित आहे, हा प्रश्न विचारायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला हवा. आणि ज्याने खोटी कागदपत्रं दाखवून असा आदेश मिळवला त्यालाही शिक्षा हवी. शंभर टक्के गैरवापर टळेल असं मी म्हणणार नाही. पण आज ज्याच्याकडे पैसा आहे तो मोठा वकील लावून मनाई हुकूम मिळवतोच, आणि दहा कोटींची नोटीस पाठवून समोरच्या बाईला घाबरवतोच. नियम, मर्यादा, मुदत ठरवलेला आदेश त्या नोटिशीपेक्षा तिला जास्त सुरक्षित ठेवेल असं मला वाटतं.

बदनामी हा गुन्हा असावा की नसावा यावर आपल्याकडे जुना वाद आहे. मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनेत बसतं म्हणून कायम ठेवलं, प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून. मी त्या वादात कलम काढून टाका म्हणणाऱ्यांच्या जवळ आहे, जर बदल्यात हा थांबवणारा आदेश मिळणार असेल तर. कारण जेलची भीती पत्रकाराला आणि कार्यकर्त्याला खरी वाटते, पण सूडाने पेटलेल्या एक्सला नाही, त्याला माहीत असतं की केस उभी राहायलाच दोन वर्षं जातील.

आणि हे दिल्लीनेच करायला हवं असं नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी आपल्या राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतःचा कायदा केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. त्यालाही लोक म्हणत होते की हे घरगुती, समाजातलं भांडण, सरकारने कशाला पडायचं मध्ये. शक्ती विधेयक (बायका-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं) डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी ते कायदा होऊ शकलं नाही, हेही खरं, त्यामुळे मसुदा मोजका आणि केंद्राच्या कायद्याशी न भांडणारा हवा. शिक्षा वाढवायचा मोह टाळला तर तो पुढे जाऊ शकतो.

मैत्रिणीला संरक्षण आदेश मिळाला. तेव्हापासून एकही मेसेज आलेला नाही. पण झालेल्या बदनामीचं काय, हा प्रश्न तसाच आहे, एचआरला गेलेला मेल तिथल्या फाईलमध्ये आहे आणि यंदा तिचं प्रमोशन झालं नाही, का ते कुणी सांगितलं नाही. त्या रविवारला आता बारावा महिना लागलाय. दिवाणी दाव्याचा मसुदा तयार आहे, वकीलबाईंनी कोर्ट फीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिलाय, ती चिठ्ठी तिच्या पर्समध्ये आहे. तिच्याकडे सव्वीस दिवस आहेत.